धरलेली जागा

१

पारशिवनीत कोणाला नागपूरला जायचं असलं, की तो आधी प्रेमानंद मेश्रामांना विचारायचा. सव्वासातची बस कन्हान-कामठीवरून जाते, दीड तास. पावणेआठची खापरखेड्यावरून, जरा लवकर पोचते, पण तिच्यात चढायला पैलवान व्हावं लागतं. काळी-पिवळी जीप भरली की निघते, घड्याळाशी तिचा काही संबंध नाही. आणि कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकात उतरून मेट्रो धरली, तर वीसेक मिनिटांत सीताबर्डी. हे सगळं त्यांच्या जिभेवर. शाळेच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतलेला माणूस. निवृत्त झाला, तरी एका जागी बूड टेकवेल तर शपथ.

गेल्या दीड वर्षात मात्र हे सगळं ज्ञान एकाच कामी येत होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कौसल्याबाईंना धंतोलीतल्या दवाखान्यात डायलिसिसला न्यायचं. दोन्ही किडन्या गेलेल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही पाळी चुकवायची नाही, चुकली तर मग मला विचारायला येऊ नका. म्हणजे नागपूरचा रस्ता चालू तोवर बायको जिवंत, इतका सरळ मामला होता. मेश्राम त्या धास्तीने सोमवारी आणि गुरुवारी धड जेवत नसत.

पद्धत ठरलेली. बस स्टँडवर वळली की मेश्राम खिडकीतून आपल्या गळ्यातला दुपट्टा सीटवर टाकायचे आणि मग सावकाश दारातून चढायचे. कापड पडलं की जागा धरली. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण एरवी कशावरूनही भांडणारी माणसंसुद्धा तो मुकाट्याने पाळतात. मग कौसल्याबाई खिडकीशी, मेश्राम त्यांच्या बाजूला. काच ते स्वतः सरकवायचे, बरोबर दोन बोटं फट ठेवून. पूर्ण लावली तर तिला गुदमरतं, उघडी ठेवली तर हुडहुडी भरते. दोन बोटं, ना कमी ना जास्त.

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी कौसल्याबाईंच्या पायांवर सूज होती. चालायला वेळ लागला आणि स्टँडवर पोचेतो गाडी भरून गेली. दोघांची एकच सीट रिकामी होती, आणि तिच्या खिडकीकडच्या जागेवर रुमाल होता. निळ्या चौकटींचा, नीट चार घड्या घातलेला.

"कोनाचा हाय जी हा रुमाल?" मेश्रामांनी विचारलं.

मागच्या सीटवर एक म्हातारी भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "होते एक जन, भाऊ. येतोच म्हनून उतरले."

"कवा?"

"झाला लय वेळ."

तेवढ्यात घंटी वाजली. मेश्रामांनी रुमाल उचलला. तो गरम होता, आत्ताच कोणी खिशातून काढून ठेवावा तसा. बाहेर तर बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

"अवो, राहू द्या ना," कौसल्याबाई म्हणाल्या. "त्या मानसाची जागा हाय."

"तो आला की उठंल ना ही! जागा का पळून जाऊन राहिली?" मेश्राम म्हातारीकडे बघत, पण साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. सगळेच असं म्हणतात. म्हणायचं आणि बसून घ्यायचं. रुमाल त्यांनी खिडकीतून खाली टाकला, बायकोला बसवलं, काच सरकवली.

गाडी निघाली. तो माणूस काही आला नाही.

२

शुक्रवारी मेश्राम अर्धा तास आधीच स्टँडवर हजर. गाडी रिकामी आली, अगदी रिकामी, त्यांनी वाकून बघितलं होतं. दुपट्टा टाकला, पहिले चढले, आणि सीटपाशी जाऊन थबकले. दुपट्टा बाहेरच्या जागेवर पडला होता. खिडकीच्या जागेवर रुमाल होता. निळ्या चौकटी, चार घड्या.

असे रुमाल सीताबर्डीच्या फुटपाथवर ढिगाने मिळतात. तालुक्यात निदान दोनशे माणसांच्या खिशात असेल हा. मेश्रामांनी स्वतःला असं बजावलं आणि कौसल्याबाईंना मागच्या सीटवर बसवलं. खोटं कशाला बोला, त्या रुमालाला हात लावायचा त्यांना धीर झाला नाही.

कन्हानला गाडी चेंगरून भरली. एक बाई कडेवर पोर घेऊन दांड्याला लटकली. कॉलेजचा एक मुलगा दप्तर पोटाशी धरून एका पायावर उभा. आणि समोर खिडकीची ती जागा रिकामी, तिच्या बाजूची जागाही रिकामी.

"बस ना बाई," मेश्राम न राहवून म्हणाले. "रिकामीच हाय ते."

बाईने त्या सीटकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "रिकामी कुठी हाय काका? येऊन राहिला ना तिथचा मानूस."

पोराला या कडेवरून त्या कडेवर घेत ती नागपूरपर्यंत उभी राहिली. उतरताना मेश्रामांनी एक बोट रुमालाला लावून पाहिलं. दीड तास वाऱ्यात पडलेलं ते कापड गरमच होतं.

आता मेश्रामांच्या घरात भुताखेताचं नाव काढायची सोय नव्हती. वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, त्या दिवशी देव्हारा गेला आणि त्याच्याबरोबर भुतंही गेली. वर प्रयोगशाळेतली नोकरी. उष्णता कुठून तरी येते, आपोआप येत नाही, हे त्यांनी बत्तीस वर्षं मास्तरांच्या तोंडून ऐकलेलं. इंजिन खाली असेल, पाइप जात असेल. इंजिन तर पुढे होतं, पण तेवढा विचार त्यांनी मुद्दाम पुढे नेला नाही.

३

"आज जीपनं जाऊ," मंगळवारी ते म्हणाले.

"काहून?"

"बसमंदी गर्दी राह्यते."

"अन् जीपमंदी का पलंग टाकून ठेवला तुमच्यासाठी त्या रोहितनं?" कौसल्याबाईंनी टोमणा मारला. पाण्याची छोटी बाटली पिशवीत टाकली, पेनाने रेघ मारलेली. दिवसाला रेघेइतकंच पाणी प्यायची परवानगी होती.

रोहित म्हणजे जीपमध्ये चौदा माणसं कोंबून स्वतः अर्धा बाहेर लटकत गाडी हाकणारा प्राणी. त्याने कौसल्याबाईंना मधल्या रांगेत बसवलं. त्यांच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा होती. मेश्राम तिथे पाय टाकणार, तोच रोहित म्हणाला, "काका, तुमी मांगं या."

"इथी जागा हाय ना."

"ते धरेल हाय."

"कोनं धरली?"

"धरेल हाय म्हनलं ना काका. मानूस येऊन राहिला."

मेश्रामांनी खाली बघितलं. निळ्या चौकटी. मागे दोन माणसं पायरीवर उभी राहून टपाला धरून होती, आणि ही जागा मोकळी ठेवून रोहितने गाडी सोडली.

मेश्राम मागच्या आडव्या बाकावरून बायकोवर नजर लावून बसले. कन्हानच्या पुढे रस्ता खणलेला होता. एकेका खड्ड्याला सगळी डोकी एकदम उडत, एकदम खाली येत. कौसल्याबाईंचा डोळा लागला होता. मान डावीकडे कलली होती, चांगली कलली होती, आणि त्या बाजूला कोणीच नव्हतं. मान खाली पडत नव्हती. मोठा खड्डा आला, बाकीच्यांची डोकी टपाला आपटली, कोणी ड्रायव्हरच्या नावाने शिवी हासडली. कौसल्याबाईंचं डोकं तेवढं हललं नाही. झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून आपण खांदा घट्ट धरून बसतो ना, तसं.

"कौसल्या!" मेश्राम किंचाळले.

"काय झालं? काहून बोंबलून राहिले?" त्या दचकून सरळ झाल्या. "मस्त झोप लागली होती मले."

धंतोलीत ऑटोतून उतरताना उन्हात त्यांनी बायकोचा चेहरा नीट पाहिला. डावा गाल लाल होता. त्यावर कापडाची वीण उमटली होती, बारीक चौकटी-चौकटींची.

४

बुटीबोरीहून दीक्षाचा फोन आला. त्यांची एकुलती एक लेक. तिथल्या कापडाच्या कंपनीत कामाला, तिथेच खोली करून राहायची. तिने मोठी खोली बघितली होती. "बाबा, एक तारखेला दोघंही इकडे या. इथून दवाखाना जवळ पडते. किती दिवस मायला अशी हेंदकाळत नेसान तुमी?"

एक तारखेपर्यंत दोनच फेऱ्या उरत होत्या. मेश्रामांनी बोटांवर दोनदा मोजल्या. मग अंगणात दहा चकरा मारल्या आणि पुन्हा मोजल्या.

कौसल्याबाई उन्हाला बसून मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी त्या मानसाले भेता का?"

"कोनत्या मानसाले?"

"ज्याची जागा आपन घेतली."

मेश्राम तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "तुले दिसते का तो?"

"दिसत नाई. पन बाजूले कोनी येऊन बसलं तं मानसाले समजत नाई का?" त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "साधा हाय बिचारा. बोलत नाई, काही नाई. लय थकेल वाटते. बसू द्या ना त्याले. मी का जनमभर तिथी बसून राहनार हाय?"

"चूप वं!" मेश्राम ओरडले. एवढ्या जोरात ते बायकोवर उभ्या जन्मात ओरडले नव्हते. मग त्यांनी तिच्यापाशी बसून मेथीची जुडी ओढून घेतली आणि चांगली पानंही तोडून फेकायला लागले. ही गेली तर आपण मंगळवारी आणि शुक्रवारी काय करायचं, इतका खुळा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्या विचारानेच त्यांना रडू फुटलं.

"अय बाप्पा," कौसल्याबाई म्हणाल्या, "मेथीनं का डोळे झोंबते कधी?"

५

शुक्रवारसाठी त्यांनी असा बेत आखला की वा रे वा. शेजारच्या मुकुंदची दुधाची गाडी पहाटे कामठी रोडने जायची. पुढे तिघांचीच जागा. मुकुंद, कौसल्याबाई, मेश्राम, झाले तीन. मांडीला मांडी. रुमाल ठेवायला चार बोटं जागा उरली नाही. ऑटोमोटिव्ह चौकात उतरून ते मेट्रोच्या सरकत्या जिन्याने वर गेले.

इथूनच गाडी सुटते. डबा लख्ख, रिकामा. खिडक्या बंद काचांच्या, बाहेरून काही टाकायची सोयच नाही. कौसल्याबाईंना बसवून मेश्राम डबाभर फिरले, प्रत्येक बाकावरून नजर फिरवली, वाकून खालीही बघितलं.

"तिकिटं तपासून राहिले का?" कौसल्याबाई म्हणाल्या.

मेश्राम हसले. दहा दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसले. सीताबर्डी येईपर्यंत ते बायकोशेजारी चक्क पाय लांब करून बसले होते.

दवाखान्यात मात्र भावना सिस्टर दारातच म्हणाली, "काका, आज मावशींना सात नंबरवर घेते. चार नंबर धरलेला आहे."

चार नंबर म्हणजे कौसल्याबाईंचा नेहमीचा बेड. दीड वर्षात कधी बदलला नव्हता. "कोनं धरला?"

"माहीत नाही. मी आले तेव्हा रुमाल होता, म्हणून मी कोणाला बसू दिलं नाही." ती सहज म्हणाली आणि नळ्या जोडायच्या तयारीला लागली. मेश्रामांनी चार नंबरकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

तिसऱ्या तासाला मशीन वाजायला लागलं. कौसल्याबाईंचं बीपी धाडकन खाली आलं होतं. सिस्टर धावल्या, पायाकडची बाजू वर उचलली, कोणी तरी डॉक्टरांना हाक मारली. कौसल्याबाईंचे डोळे अर्धवट उघडे होते आणि चार नंबरवर लागले होते. त्या कोपरावर भार देऊन उठायला बघत होत्या, हातात सुया असताना.

"उठते ना जी," त्या अदबीने कोणाला तरी म्हणाल्या. "उठते मी. हे बोलले होते ना, तुमी आले की ही उठंल म्हनून."

"मावशी, पडून राहा!" भावना सिस्टरने त्यांचे खांदे दाबून धरले. पाच मिनिटांनी बीपी वर आलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, अंगात पाणी जास्त साठलं होतं, पुढच्या खेपेला सांभाळून काढू.

मेश्राम बाहेरच्या बाकावर येऊन बसले. मी उठतो असं ते त्या दिवशी म्हणालेच नव्हते. ही उठंल, असं म्हणाले होते. भर गाडीत, सगळ्यांसमक्ष. काय जीभ झडली असती का, मी उठतो म्हणायला? बोलायची एक रीत असते, तिला काय अर्थ असतो, असं त्यांची बुद्धी पुन्हा पुन्हा सांगत होती. ते ऐकतही होते. तरी तेच वाक्य ते हलक्या आवाजात पुन्हा म्हणून बघत होते, या खेपेला मी उठतो असं.

६

पुढचा मंगळवार ही शेवटची फेरी. परवा दीक्षा टेम्पो घेऊन येणार होती, भांडी बांधून झाली होती. मेश्रामांनी कोणालाही गाडी मागितली नाही. ते सरळ सव्वासातच्या बसवर गेले. जिथे बोललो, तिथेच बोललेलं बदलून यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

दुपट्टा टाकला नाही. चढले. तीच सीट, खिडकीकडे रुमाल. मागच्या सीटवर म्हातारी, मांडीवर टोपली. कौसल्याबाईंनी रुमाल उचलला, "धरा" म्हणून नवऱ्याच्या हातात दिला आणि खिडकीशी बसल्या. रुमाल नुसता गरम नव्हता, तापाचं कपाळ लागावं तसा लागत होता. मेश्रामांनी काच सरकवली, दोन बोटं, आणि बाजूला बसले.

गाडी भरत गेली. मेश्राम खाली मान घालून कोणाला ऐकू येणार नाही असं पुटपुटले, "ऐक गा. ही नाई उठनार. बोललो मी होतो, तं मीच उठतो. माह्यी जागा घे. हिले राहू दे."

काही झालं नाही. समोरच्या पोराने मोबाईलवर गाणं लावलं. आपण अगदीच मूर्ख आहोत असं मेश्रामांना वाटलं, आणि बरंही वाटलं. तरी ते उठले. ड्रायव्हरपाशी दांडा धरून नागपूरपर्यंत उभं राहायचं, एकदाही बसायचं नाही. उठताना दीड वर्षाच्या सवयीने त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढून आपल्या जागेवर ठेवला.

"कुठी चालले?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"येतोच," मेश्राम म्हणाले.

दाराशी चेंगराचेंगरी होती. चुकीच्या गाडीत चढलेल्या दोन बाया पोती घेऊन खाली उतरायला बघत होत्या. "काका, जरा उतरा ना, जाऊ द्या आमाले." मेश्राम खाली उतरले. सगळेच उतरतात, वाट देतात, पुन्हा चढतात. बाया उतरल्या, पोती उतरली. मेश्रामांनी दांड्याला हात घातला आणि घंटी वाजली, दोनदा. दांडा हातातून निसटला.

"अरे थांब! थांब गा! बाई हाय माह्यी आत!" ते पत्र्यावर थापा मारत बाजूने पळाले. मोबाईलवरचं गाणं वाजतच होतं. कौसल्याबाईंची खिडकी समोर आली. काच उघडी होती, पूर्ण. बायको आपल्याला शोधत असेल, घाबरली असेल, असं त्यांना वाटलं.

कौसल्याबाई बाहेर बघतच नव्हत्या. त्यांचं तोंड आत, बाजूच्या जागेकडे होतं. त्या हसून काहीतरी सांगत होत्या. थंडी वाजते म्हणत असाव्यात. कारण त्यांच्या छातीपुढून एक हात आला, मनगटाशी मेश्रामांचा दुपट्टा गुंडाळलेला, आणि त्याने काच सरकवली. सावकाश, सवयीने. दोन बोटं फट ठेवली.

मागच्या खिडकीतली म्हातारी मेश्रामांकडे बोट दाखवून शेजारणीला काहीतरी सांगत होती. काय सांगत असेल, ते त्यांना न ऐकताच कळलं.

गाडी फाटकातून वळली. मेश्राम धापा टाकत स्टँडच्या मधोमध उभे राहिले. फोन लावावा म्हणून खिशात हात घातला. फोन कौसल्याबाईंच्या पिशवीत होता, पाण्याच्या बाटलीशेजारी.

"मेश्राम काका," मागून कोणीतरी हाक मारली. "नागपूरले लवकर कोनती गाडी जाईन?"

सव्वासातची, पावणेआठची, जीप, दुधाची गाडी, मेट्रो. सगळ्या त्यांना पाठ होत्या. त्यांनी मूठ उघडून बघितली. रुमाल हातातच राहिला होता, निळ्या चौकटींचा, चार घड्यांचा.

तो आता गार पडला होता.